मेधागुरूंचा लोलक आणि पाचवी खुर्ची

“फिरला! फिरला!”

रविवारी सकाळी जयनगरातल्या मंडळाच्या हॉलमध्ये दोनशे माणसं एकदम ओरडली. व्यासपीठावर मेधागुरू वादिराज उभे होते. अंगावर मोरपंखी शाल, हातात रेशमी दोरा आणि दोऱ्याला लिंबाएवढा पितळी लोलक. समोर खुर्चीत बसलेल्या विराजच्या डोक्यावर तो गरगर गोल फिरत होता.

“महामेधा!” गुरू गरजले. “या बालकाच्या टाळूतून क्वांटम लहरींचं कारंजं उसळतंय! बुद्धिमान माणूस ओळखायला परीक्षा कशाला? लोलक गोल फिरला तर महामेधा, आडवा हलला तर मंदमेधा. घाबरू नका, मंदांसाठी आमचं चाळीस दिवसांचं शिबिर आहेच!”

विराज हा मंडळाचे अध्यक्ष नरसिंहराव यांचा नातू. आजोबांची छाती फुगली. गुरूंना त्यांनीच तर बोलावलं होतं.

पुढचा नंबर अकरा वर्षांच्या अक्षराचा. लोलक तिच्या डोक्यावर आला, थबकला आणि आडवा हलू लागला.

“अरेरे! मंदमेधा!”

तिसऱ्या रांगेत बसलेल्या वसुमतीला, अक्षराच्या आत्याला, कुणीतरी कानफटात मारल्यासारखं झालं. अक्षरा खाली उतरली ती कुणाकडेही न बघता.

वसुमती बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात वीस वर्षं मालाची तपासणी करत होती. घरात अक्षराच्या प्रश्नांना ती एकटीच पुरून उरायची. दोसा तव्याला कधी चिकटतो, कधी नाही, असं का? तलावावर फेस कशामुळे येतो? दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. पण त्या रविवारनंतर तीन दिवस पोरीने एकही प्रश्न विचारला नाही. भाऊ पद्मनाभ, अक्षराचा बाप, तर शिबिराचा अर्ज घेऊनच बसला होता.

“अक्का, दोनशे माणसांसमोर लोलक हलला. डोळ्यांनी पाहिलंस ना?”

“पाहिलं. पण स्वल्प थांब.”

बुधवारी संध्याकाळी शेंगा सोलता सोलता अक्षरा हळूच म्हणाली, “आत्या, लोलकाला कसं कळलं? त्याला मी दिसत होते का?”

वसुमतीच्या हातातली शेंग तशीच राहिली. लोलकाला कुठले डोळे? डोळे होते गुरूंना. आणि नावनोंदणीचा अर्ज तिनेच भरला होता. त्यात गेल्या वर्षीचे गुण विचारले होते! अक्षराला परीक्षेच्या वेळी कावीळ झालेली, गणितात जेमतेम एकेचाळीस. विराजला अठ्ठ्याण्णव.

“पोरी, कारखान्यात आम्ही मालाआधी मापकच तपासतो,” ती म्हणाली. “नगाचा नंबर झाकायचा आणि तोच नग दोनदा मोजायचा. मापं वेगळी आली, तर मापक भंगारात.”

“मग आपण मला झाकूया?”

“फक्त तुला कशाला? सगळ्यांना झाकू!”

पुढच्या रविवारी गर्दी दुप्पट होती. गुरू रंगात आले होते. “हा लोलक चर्मचक्षूंनी पाहत नाही! भिंतीआडची बुद्धीसुद्धा ओळखतो!”

वसुमती उठली. “गुरुजी, मग चादरीआडची तर सहज ओळखेल. ही पाच मुलं चादरीखाली बसतील. कोण कुठे, ते तुम्हाला सांगणार नाही. नंतर जागा बदलून पुन्हा एकदा.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरूंना आता माघार कशी घेता येणार?

पडदा ओढला. उघडला तेव्हा पाच खुर्च्यांवर पाच पांढरे ढीग होते. गुरू पहिल्यापाशी गेले. लोलक गोंधळला, मग आडवा हलला. दुसऱ्यावर गोल. तिसऱ्यावर आडवा, चौथ्यावर आडवा. पाचवा ढीग अगदी स्थिर बसला होता. हूं नाही की चूं नाही. गुरूंचे डोळे चमकले.

“केवढी एकाग्रता!” लोलक भिंगरीसारखा फिरू लागला. “महामेधा! हे बालक देशाचं नाव काढणार!”

वसुमतीने चादरी ओढल्या. पहिल्या खुर्चीवर विराज होता. “आजोबा, मी मंद झालो!” म्हणत तो खदखदून हसला. दुसऱ्या खुर्चीवरून अक्षरा उठली. पाचवं मूल पडद्यामागून डोकावत होतं. आणि पाचवीवर, दोन उशांवर, सांबारासाठी आणलेला भोपळा विराजमान होता.

हॉल हसून हसून लोटपोट झाला.

“आता दुसरी फेरी, गुरुजी,” वसुमती म्हणाली.

“इथे नकारात्मक लहरी आहेत! शिवाय बेळ्ळंदूरला कार्यक्रम आहे, ट्रॅफिक लागेल,” असं पुटपुटत गुरू मागच्या दाराने सटकले. घाईत लोलक टेबलावरच राहिला.

नरसिंहरावांचा चेहरा उतरला होता. “पण वसुअक्का, तो फिरत तर होता. खोटं कसं म्हणू?”

“अण्णा, हा धरा. हात हलवू नका. नुसतं मनात म्हणा, गोल फीर.”

थोड्या वेळाने लोलक संथ गोल फिरू लागला. नरसिंहराव चकित. “देवाशपथ, मी हलवत नाही!”

“हलवताय, पण नकळत. मनात जे आलं त्याप्रमाणे बोटं कणभर हलतात, आणि एवढ्या लांब दोऱ्याच्या टोकाला ते हातभर दिसतं. गुरूंनी अर्जातले गुण आधीच वाचले होते. चादर घातल्यावर कोण कुठे ते त्यांना कळेना, म्हणून लोलकालाही कळेना.”

नरसिंहरावांनी माईक ओढून घेतला. “मंडळी, या माणसाला मीच आणलं. माझ्या नातवाला महामेधा म्हणाला म्हणून मला ते खरं वाटलं. मी चुकलो. अक्षरा, माफ कर, बाळ.”

पद्मनाभने खिशातला अर्ज काढून टराटरा फाडला. मागून एका आईने विचारलं, “मग बुद्धिमान माणूस ओळखायचा तरी कसा हो?”

“लोलकाने नाही, आणि नुसत्या गुणांनीही नाही,” वसुमती म्हणाली. “माहीत नसेल तर जो माहीत नाही म्हणतो, पटलं नाही तर विचारतो, आणि पुरावा समोर आला की लाज न धरता मत बदलतो, तो बुद्धिमान. नरसिंहराव अण्णांनी आत्ता चारशे लोकांसमोर तेच केलं. उद्या दुसरा कुणी दुसरं काही घेऊन येईल. त्याला हात जोडण्याआधी एवढंच म्हणा, आम्ही तपासून बघू. खरं असेल, तर तपासल्याने त्याचं काही बिघडणार नाही.”