आर्विलाचा हात

"आधी पाय, मग काठी," व्हॅनच्या दाराशी उभी राहून आर्विला स्टेमन म्हाताऱ्या डेल्बर्टला सांगत होती. "घाई करू नकोस. मतदान संध्याकाळपर्यंत आहे, आणि तू तोवर टिकशील."

डेल्बर्ट चढला. मागोमाग गोधड्या शिवणाऱ्या दोघी बहिणी चढल्या आणि शेवटी मी. व्हॅन चर्चची होती. वयस्कर मंडळींना मतदानाला न्यायचंय म्हणून आर्विलाने ती मागितली, तेव्हा पाद्रीबुवांनी व्हॅनबरोबर आशीर्वादही दिला. कोणत्या वयस्कर मंडळींना, हे त्यांनी विचारलं नाही. गावात जे जे 'नाही' म्हणणारे होते, तेवढेच तिने वेचून गोळा केले होते.

आमच्या ओहायोत शाळेला पैसे हवे झाले की गावाला विचारावं लागतं. गाव नाही म्हणतं. सहा महिन्यांनी पुन्हा विचारतात. यंदाचा प्रश्न होता आयकराचा: गावकऱ्यांच्या कमाईतला शेकडा एक डॉलर शाळांना द्यावा का? न दिल्यास शाळेपासून दोन मैलांच्या आतल्या मुलांची बस बंद.

आर्विलाचा जन्म शाळेची ती पिवळी बस चालवण्यातच गेला. पोर उतरलं की ती काचेमागे हात वर धरायची. दोन्हीकडचा रस्ता बघून हात खाली आणला, की मगच पोराने रस्ता ओलांडायचा. पोर पलीकडे दारात पोचून वळून बघेपर्यंत बस हलायची नाही. यात उशीर व्हायचा. गेलन हफर्ड शाळामंडळाचा अध्यक्ष झाला आणि त्याने हा उशीर मोजला. बस एका कंपनीकडे गेली. आर्विलाच्या निरोपाला केक आणला, त्यावर 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' लिहिलं होतं. दुकानात तोच तयार होता. तिने शांतपणे मेणबत्ती विझवली आणि बसच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

हा गेलन लहानपणी तिच्याच बसचा. रोज सकाळी एका पायात बूट घालून धावत यायचा. रोज ती थांबायची.

"माझी पेन्शन खाणार हे लोक," वाटेत डेल्बर्ट म्हणाला. बहिणींनी माना डोलावल्या.

कर फक्त पगारावर आणि धंद्याच्या कमाईवर होता. पेन्शनच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. गेलनच्या पत्रकात ते होतं, पण बारीक अक्षरांत, आणि आमच्या व्हॅनमधल्या डोळ्यांना मोठीही दिसत नव्हती. आर्विलाने पत्रक वाचलं होतं. तिने आरशात डेल्बर्टकडे पाहिलं आणि गिअर बदलला.

मतदानाच्या हॉलबाहेर दोन छोटे झेंडे रोवतात. त्यांच्या आत प्रचार करायचा नाही. गेलन बरोबर झेंड्याशी फलक घेऊन उभा होता. आर्विलाने व्हॅन त्याच्या शेजारून नेली आणि बरीच आत लावली. त्याने व्हॅनमधली तोंडं पाहिली आणि त्याचं तोंड उतरलं.

"मिस आर्विला," त्याने तिथूनच हाक मारली, "पेन्शनवर हा कर नाही, सांगितलंत ना यांना?"

"मी ड्रायव्हर, बाबा. ड्रायव्हरने उतारूंशी बोलायचं नाही, हा नियम तूच केलास."

"माझी पोरगी मॅरेनसुद्धा त्याच बसने जाते हो." तो एक पाऊल पुढे आला.

"गेलन. पाय मागे घे."

चाळिशीच्या त्या माणसाने पाय मागे घेतला.

डेल्बर्टने जाऊन पेन्शन वाचवली. मी काय केलं ते गुप्त मतदान आहे. त्या दिवशी आर्विलाने किती फेऱ्या मारल्या देव जाणे. कराचा प्रस्ताव पडला, आणि तोही इतक्या थोडक्यात, की फरकाची मतं तिच्या व्हॅनमध्ये बसूनही डेल्बर्टला पाय लांब करता आले असते. निकाल कळला तेव्हा तिने दुकानातून केक आणला. वाढदिवसाचाच. मलाही एक तुकडा दिला. गोड होता.

जानेवारीत बस बंद झाली.

आर्विलाचं घर राज्यरस्त्याला लागून, माझ्या शेजारी. त्या रस्त्याला फुटपाथ नाही, आणि सकाळी धान्याचे ट्रक असे धावतात की खिडक्या थरथरतात. पहिल्या सोमवारी, पुरतं उजाडलंही नव्हतं तेव्हा, पोरं पाठीवर दप्तरं घेऊन पलीकडच्या कडेला येऊन उभी राहिली. ओलांडेनात. सगळी तिच्या ओसरीकडे बघत होती.

ओसरीतला दिवा लागला. आर्विला गाऊनवर कोट चढवून फाटकापर्यंत आली आणि तिने हात वर धरला. एक ट्रक गेला. दुसरा गेला. तिने हात खाली आणला. पोरं इकडे आली आणि रांगेने शाळेकडे निघाली.

तेव्हापासून हे रोजचं झालं. "पगार नाही, तर कर कसला द्यायचा?" असं ती मला म्हणाली, आणि हसली नाही.

एकदा बर्फ पडलं होतं म्हणून गेलन मॅरेनला पोचवायला स्वतः आला. हात खाली आला, पोरं निघाली, मॅरेनही पळाली. गेलन बुटाची नाडी बांधत एक पाऊल मागे राहिला.

हात पुन्हा वर गेला.

गेलन निघाला, तशी मॅरेन इकडून म्हणाली, "बाबा, थांबा ना. हात वर आहे."

तो थांबला. रस्ता दोन्हीकडे दिसेल तिथवर रिकामा होता. आर्विलाने डावीकडे पाहिलं, मग सावकाश उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे.