ड्रॅगनला दाढा असतात का

तिचे बाबा कवळ्या बनवायचे, आणि समोर काहीही आलं की आधी त्याच्या तोंडात डोकावायचे.

परग्रहावरच्या प्राण्यांचा सिनेमा लागला की सगळं थिएटर किंचाळत असताना बाबा शेजारी पुटपुटत, "हा म्हणे माणसं खातो. दात बघ त्याचे, गवत खाणाऱ्याचे आहेत." व्हिडिओ गेममध्ये राक्षस समोर आला की तलवार उपसायची सोडून ते कॅमेरा फिरवत त्याच्या जबड्यापाशी नेत, आणि राक्षस त्यांना गिळून टाकी. असे ते तीनशे वेळा तरी मेले असतील, दर वेळी काहीतरी शिकून. जादूच्या जाडजूड कादंबऱ्यांच्या समासात त्यांच्या पेन्सिलीच्या नोंदी असत: 'ड्रॅगनला दाढा असतात का? लेखकाने खुलासा करावा.'

मुलीला ड्रॅगनमध्ये काडीचा रस नव्हता. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची, आणि घरी येऊन अशी पुस्तकं वाचायची ज्यांत कोणाला शेपूट नसते. बापलेकीचं एकमत एकाच बाबतीत होतं: काम चुकलं तर ते चुकलंच.

गेल्या महिन्यात बाबा खरोखरच गेले, एकदाच, आणि त्यातून कोणी काही शिकलं नाही.

भेटायला दाताचे डॉक्टर आले. बाबांना वर्षानुवर्षं काम तेच देत. चहा पिता पिता त्यांनी मान हलवली. "मोठा कारागीर. पण खरं सांगू? शेवटी शेवटी हात राहिला नव्हता. मीच घासून पुसून वेळ मारून नेत होतो."

मुलीनं कपबशा उचलल्या. पण ते वाक्य दाताच्या फटीत अडकलेल्या तुसासारखं राहिलं. जीभ सारखी तिथेच जायची.

त्यामुळे कार्यशाळा आवरताना फळीवर दोन डब्या सापडल्या तेव्हा तिनं आधी त्याच उघडल्या. बाबांचं शेवटचं काम. दोन्हींत वरच्या जबड्याच्या कवळ्या होत्या. एक साधीसुधी, नीटनेटकी, किंचित पिवळसर. दुसरीला बोटभर लांब सुळे, आणि मागे चक्क दाढा. डब्यांवर बाबांच्या हातच्या चिठ्ठ्या होत्या. साध्या दातांवर लिहिलं होतं 'सेनापती', आणि सुळ्यांवर 'मुख्याध्यापिका बाई'.

सेनापती म्हणजे घरोघरी विजेचे मीटर वाचत फिरणारा माणूस. बाबांच्या पंचवीस-तीस जणांच्या टोळीचा तो म्होरक्या. दर वर्षी ही मंडळी एक सभागृह घेऊन राक्षस, जादूगार आणि अंतराळवीर बनून दिवसभर हिंडत, आणि सेनापती दर वर्षी शिंगांचा मुखवटा घालून राक्षसराज होई. मुख्याध्यापिका बाई म्हणजे तिच्याच शाळेच्या, आता निवृत्त. नुसत्या चष्म्यावरून बघत आणि अख्खा वर्ग गप्प होई.

चूक उघड होती. बाबांनी चिठ्ठ्यांची अदलाबदल केली होती. डॉक्टर बोलले होते हाताबद्दल, पण इथे डोकंही गेलं होतं म्हणायचं.

ती रोज आठ तास जे करायची तेच तिनं केलं. कोणालाही न विचारता, कोणालाही न कळवता, चूक दुरुस्त केली. चिठ्ठ्या अलगद सोडवल्या, उलट चिकटवल्या, आणि शनिवारी दोन्ही डब्या दोन्ही घरी पोचवल्या. बाबांची लाज राखली, असं तिला वाटलं.

रविवारी सकाळी कार्यशाळेचं दार उघडलं तर दारात राक्षसराज. फोमचं चिलखत, कमरेला पट्टा, काखेत शिंगांचा मुखवटा आणि तोंडावर रुमाल.

"ताई," तो रुमालाआडून म्हणाला, "बशत नाहीत."

"काय बसत नाहीत?"

"दात हो! तोंड उघडलं की खाली पडतात. आत्ता जिन्यात पडले. शेजारणीनं हातात दिले." त्यानं डबी पुढे केली. "दुपारी मेळावा आहे."

तिनं डबी टेबलावर ठेवून उघडली. म्हणजे मापही चुकलं. हात खरंच राहिला नव्हता.

"घासून बघते," ती म्हणाली. डॉक्टरांचे शब्द आपल्याच तोंडून येताना ऐकून तिला कसंतरीच झालं.

तेवढ्यात मागून छत्रीची टोकदार टकटक आली. मुख्याध्यापिका बाई. त्यांनी राक्षसराजाला खालपासून वरपर्यंत बघितलं. तो आपोआप सरळ उभा राहिला.

"हे दात माझे नाहीत," बाई म्हणाल्या आणि डबी टेबलावर ठेवली.

"बसत नाहीत का, बाई?"

"बसण्याचा प्रश्न नंतर. मी सांगितले होते ते हे नव्हेत."

"पण हे छान साधे..."

"तेच म्हणते मी. साधे आहेत!"

बाईंचं लक्ष हळूहळू दुसऱ्या, उघड्या डबीकडे गेलं. सुळे दिसले. आणि बाईंच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं, जे शाळेच्या दहा वर्षांत मुलीनं एकदाही पाहिलं नव्हतं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "दाढासुद्धा केल्यात!"

सेनापतीनं साध्या दातांची डबी बघितली आणि त्याचे कान लाल झाले.

मुलगी एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं शाळेत म्हणायची तसंच खाली बघून म्हटलं, "बाई, चिठ्ठ्या मी बदलल्या."

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही. वाटलं, बाबांचं चुकलं."

"मग विचारायचं नाही का? फोन नव्हता घरात?" बाई खुर्चीत बसल्या. "ऐक आता. मी चौतीस वर्षं मुलांच्या बाकांखालून राक्षसांची पुस्तकं जप्त केली. घरी नेऊन सगळी वाचली. तुझे बाबा आणि मी दर गुरुवारी गेम खेळायचो. ते जबडे बघत मरायचे, मी जिंकायचे. यंदा मी पहिल्यांदा मेळाव्याला जाणार आहे. ड्रॅगनची राणी म्हणून. छत्रीचे पंख केलेत."

"आणि तुम्ही?" तिनं सेनापतीला विचारलं.

त्यानं रुमाल खाली घेतला. वर एकही दात नव्हता. "शहा वर्षं झाली, शायकलवरून पडलो," तो म्हणाला. "लोकांना वाटतं मला राक्षशाची भारी हौश. हौश कशली? मुखवटा काढता येत नाही म्हणून राक्षश! यंदा तोंड उघडं ठेवून भाषण करायचं होतं. काका म्हणाले, तुला माणशाचे दात देतो."

"मग काल डबी उघडल्यावर बोलला का नाहीत?"

"वाटलं काकांनी गंमत केली. जाता जाता." त्यानं रुमालाची घडी घातली. "म्हटलं, त्यांची शेवटची गंमत आहे, घालावी."

बाईंनी घसा खाकरला. "धू आधी ते. दोघांनी एकमेकांचे तोंडात घालून बघितलेत."

तिनं दोन्ही कवळ्या साबणानं, ब्रशनं, मग पुन्हा साबणानं घासल्या. आता चिठ्ठ्यांचा उलगडा झाला होता, मापाचा नाही. बसल्या नाहीत तर डॉक्टर खरे, आणि ते वाक्य कायमचं घरात राहणार.

सेनापतीनं पाठ फिरवून कवळी घातली. बाईंनी तर रोजची कवळी काढून ही घालताना पाठही फिरवली नाही.

टक.

टक.

"सायकल," सेनापती म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "सायकल. हौस. सासूबाईंची सोनेरी साडी!" तो फोममध्ये रडायला लागला.

बाईंनी जबडा डावीकडे हलवला, उजवीकडे हलवला, टेबलावरची लाकडी पट्टी उचलून तिचा कडकन चावा घेतला. पट्टीवर दोन खोल खड्डे पडले. "हलत नाही," त्यांनी निकाल दिला.

मुलीनं लगेच डॉक्टरांना फोन लावला. "हात राहिला नव्हता म्हणालात, पण बाबांच्या शेवटच्या दोन्ही कवळ्या जशाच्या तशा बसल्या. घासावं लागलं नाही."

"अगं, असं सुरुवातीला वाटतं," डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले. "दोन दिवस जाऊ दे, मग..."

बाईंनी फोन हातातून काढून घेतला. "मी मुख्याध्यापिका बोलतेय. हात राहिला नव्हता असं कोण म्हणालं?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. डॉक्टर उभे राहिले असावेत. "मी, बाई. चुकलं, बाई."

"त्यांच्या कवळ्या घासून तूच बिघडवत असशील. लहानपणीही तुझा हात जडच होता." फोन बंद झाला. "चला, उशीर होतोय."

"एक मिनिट," मुलगी म्हणाली. तिनं खिडकीतला पडदा सारला, बाबांचा छोटा आरसा घेतला आणि दोघांना उजेडाकडे तोंड करून शेजारी शेजारी बसवलं. "आ करा."

राक्षसराजानं आ केला. ड्रॅगनच्या राणीनंही केला. ती वाकून बघत राहिली. गुलाबी हिरडीची कड कुठे वळली होती, कुठे केसाएवढीसुद्धा फट नव्हती, दाढांवरच्या बारीक रेघा कशा एकेक कोरल्या होत्या. अख्ख्या आयुष्यात ती बाबांच्या कामाकडे एवढा वेळ कधी बघत राहिली नव्हती.

"किती वेळ गं?" बाईंनी आ केलेल्या तोंडातूनच विचारलं.

"अजून थोडं, बाई," ती म्हणाली. "मिटू नका."