सकाळच्या गाडीची मोजणी

माझी मुलगी गोकुळा उजवली ते साल एकोणीसशे पंचावन्न. वैशाखात लग्न झालं. वऱ्हाड चांद्याहून आलं. तेव्हा चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत. सहा कोस चालून आलेल्या त्या वऱ्हाडानं आल्या आल्या पायांना चोळायला तेल मागितलं.

नवरदेवाचा मामा चांद्याच्या स्टेशनात पाणी भरायचा. पंगतीत बसल्या बसल्या त्यानं बातमी सांगितली. सरकारच्या मनात एक रोजची गाडी आहे. सकाळी पोंभुर्ण्याहून निघेल, मधल्या गावांतली माणसं उचलत चांद्याला नेईल आणि संध्याकाळी त्यांना घरी आणून सोडेल. स्टेशनात पाणी भरणारा माणूस म्हणजे आमच्या लेखी रेल्वेचा अर्धा मालक. कुणी शंका काढली नाही. उलट त्याच्या पानात आणखी दोन लाडू पडले.

आमचं गाव कोलारबोडी. तलावावर जगणारी आम्हा ढिवरांची तीस घरं, धान पिकवणारी कुणब्यांची चाळीस. गावचा पाटील केवळराम. त्यानं आठ दिवसांत रेल्वे समिती काढली. अध्यक्ष तो, उपाध्यक्ष त्याचा भाऊ, खजिनदार त्याचा जावई. तिजोरी नव्हती, पण खजिनदार होता. स्टेशन कुठे व्हावं यावर समितीनं पुष्कळ विचार केला आणि ते पाटलाच्याच वावरात व्हावं असं ठरलं. तिथे त्यानं दगडमातीचा एक लांब ओटा बांधून घेतला. रूळ नाहीत तर ओटा कशाला, असं कुणीतरी विचारलं. पाटील म्हणाला, "लोकायले वाट पाहाची सवय नको का?" मग रोज दिवस कलताना तो पांढरी टोपी घालून त्या ओट्यावर बसायचा आणि पळसाच्या झुडपांकडे तोंड करून सवय करायचा.

समितीला अर्ज लिहिणारा हवा होता. मी चाळिशी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलो होतो. गावात लिहिता येणारे आणखी दोघं होते, पण ते पाटलाचं ऐकत नसत. म्हणून मी.

या सगळ्या धामधुमीत गाडी खरोखर हवी होती ती एकाच माणसाला. माझी थोरली बहीण मनकर्णा. थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. विधवा झाल्यापासून तीस वर्षं ती तलावाची मासळी डोक्यावर घेऊन चांद्याला जात होती. पहाटे ओल्या शेवाळात जिवंत मरळ बांधायची, दुपारच्या आत जटपुरा दरवाज्याच्या आतल्या ठरलेल्या घरांत पोचवायची आणि दिवेलागणीला परत. तिची झोपडी तिची, तिची चूल तिची. त्या पावसाळ्यात तिचा उजवा गुडघा सुजला आणि दिवाळीपासून चांदा बंद झाला.

पोंभुर्ण्याची मोटर होती. पण मासळीची टोपली दिसली की कंडक्टर दार लावून घ्यायचा. शहराच्या बायांच्या लुगड्यांना वास लागतो म्हणे. रेल्वेत टोपल्यांसाठी वेगळा डबा असतो, हे गोकुळाच्या मामेसासऱ्यानं सांगितलं होतं. बाईनं ते दोनदा विचारून घेतलं होतं.

माझी बायको गिरजा तिला म्हणाली, "बाई, गुडघा धरून काऊन बसता एकट्या? आमच्याकडे या. एका माणसाचा भात काही जड नाई."

बाई म्हणाली, "तुया हातचा भात मले गोड लागते गिरजा. सणाले येतो म्हणून गोड लागते. रोज आली तं तुलेही नाई लागणार नं मलेही नाई."

खरं होतं ते.

पौषात मोजणीवाला साहेब आला. गाडी काढायची तर रोज किती माणसं चांद्याला जातात ते आधी मोजायचं, असा वरचा हुकूम होता. गावाच्या शिवेवर, वाटेच्या कडेच्या मोहाच्या झाडाखाली, तो घडीची खुर्ची टाकून तीन दिवस बसणार होता.

पाटलानं आदल्या दिवशी सगळं गाव चावडीवर गोळा केलं. "आकडा फुगला पाहिजे," तो म्हणाला. "ज्याले चांद्याले काम नाई त्यानंही जायचं. साहेबासमोरून गेलं की पुढं नाल्यात उतरायचं, तलावाच्या पाळीनं मागं यायचं, फेटा बदलायचा नं पुन्हा जायचं. आणखी एक. साहेब आपल्या शिवेवर बसून राह्यला, म्हणजे आपला पाहुणा. गावाची लाज राखा."

ही शेवटची गोष्ट सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे पाहुण्यानं "बरं आहे ना?" विचारलं की घरात पोर तापानं फणफणत असलं तरी "बरं हाय" म्हणायचं. त्याच्यासमोर आपलं दुखणं काढलं तर तो जेवणार कसा?

साहेब माणूस वाईट नव्हता. मला लिहिता येतं हे कळल्यावर त्यानं मला शेजारी बसवलं आणि वही माझ्याकडे दिली. वहीत चार रकाने होते. नाव, वय, काम आणि शेवटचा, प्रवासात त्रास होतो काय. सरकारी वहीत माझी अक्षरं जाणार म्हणून माझी मान दोन बोटं वर झाली होती. प्रत्येक नावाला मी नीट वळण देत होतो.

पहिला झिंगू आला. आमच्यातलाच, जाळी विणणारा.

साहेबानं विचारलं, "रोज पायी जाता, त्रास होतो काय?"

"नाई जी. तुमची कृपा."

मी लिहिलं, त्रास नाही. मग बायका आल्या, म्हातारे आले, लंगडणारा बुधू आला. सगळ्यांवर साहेबाची कृपा होती. कुणालाच त्रास नव्हता. झिंगू चौथ्यांदा आला तेव्हा साहेबानं चष्मा काढून पुसला.

"तुमच्या गावात एकाच तोंडाची माणसं फार आहेत," तो म्हणाला.

"एकाच तलावाचं पाणी पेतो, साहेब," झिंगू म्हणाला आणि पुढे गेला.

तिसऱ्या दिवशी बाई निघाली. वाटेत पाटलानं तिला अडवलं. "बाई, तू घरी बस. तुया नावाचा आकडा मी झिंगूकडून काढून घेतो."

"तीस वर्सं मी चालली," बाई म्हणाली, "नं माया आकडा झिंगू होईल? हट बाजूले."

तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. डोक्यावर भरली टोपली होती, शेवाळातून पाणी ठिबकत होतं. सुजलेल्या गुडघ्याचा माणूस जसा चालतो तशी ती चालत नव्हती. ताठ येत होती. मला ते दिसलं. तिचा खालचा ओठ दातांत धरलेला होता, तोही दिसला.

साहेब तिला पाहून उभा राहिला. "आजी, वय किती?"

"साठ असन."

"एवढं ओझं घेऊन चांद्यापर्यंत? त्रास होत नाही?"

बाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग साहेबाकडे पाहून हसली. "काहीच नाई बापा. सुखात हाय. तुमी जेवले का?"

साहेब माझ्याकडे वळून म्हणाला, "लिहा."

मला बोलता आलं असतं. साहेब, ही माझी बहीण, दिवाळीपासून हिला तलावापर्यंत जाववत नाही, एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो. पण पाहुण्यासमोर बहिणीला खोटी कशी पाडायची, आणि लेखणी हातात होती. मी लिहिलं. मनकर्णा, साठ, मासळी विकणे, त्रास नाही. त्या तीन दिवसांतली सगळ्यात सुबक ओळ तीच आली.

वाटेच्या वळणापलीकडे बाई खाली बसली ती उठली नाही. साहेब गेल्यावर मी बैलबंडी घेऊन गेलो. मरळ टोपलीतून निघून धुळीत तडफडत होते. ते टोपलीत भरून मी तिला बंडीत बसवलं.

मी म्हणालो, "बाई, सांगाचं होतं नं त्याले, गुडघा दुखते म्हणून."

"तूच तं लिहून राह्यला होता," ती म्हणाली. "तुले मालूम नव्हतं?"

बंडी गावात येईपर्यंत आम्ही दोघं मरळांकडे पाहत बसलो.

उत्तर यायला वर्षाच्या वर लागलं. मधे आमचं राज्यच बदललं. नागपूरची दफ्तरं मुंबईला गेली, त्यांत आमची वहीही गेली. कोलारबोडीतून इतक्या लांब गेलेली ती पहिलीच, आणि गेली ती गाडीत बसून.

सत्तावनच्या माघात कागद आला. पाटलाच्या ओट्यावर गाव जमलं. वाचायचं मलाच होतं. "सदर भागातील रहिवासी पायी प्रवासास सरावलेले असून त्यापासून कोणताही त्रास नसल्याचे त्यांनी स्वतः एकमुखाने नमूद केले आहे. साठ वर्षे वयाच्या वृद्ध स्त्रियादेखील डोक्यावर ओझे घेऊन हे अंतर सुखाने चालतात. सबब रोजच्या गाडीची निकड दिसून येत नाही."

पाटील म्हणाला, साहेबानं दगा दिला. समितीनं निषेधाचा ठराव केला. तो ठराव लिहायला मी नकार दिला, म्हणून तो कुठेच गेला नाही. झिंगू म्हणाला, आपण पाचव्यांदा गेलो असतो तर गाडी मिळाली असती.

मी कागद घेऊन बाईच्या झोपडीत गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती. काठीशिवाय आता तिला उठवत नव्हतं. मी वाचून दाखवलं.

"ते साठ वर्साची म्हणजे मीच का?"

"हाव."

"सुखाने चालते, असं लेह्यलं त्यानं?"

"हाव, बाई."

"तेवढंच पुन्हा वाच."

मी तेवढंच पुन्हा वाचलं. ती ऐकत राहिली. चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येत नाही. लाज नव्हती. मग तिनं रिकाम्या टोपलीवर हात ठेवला आणि म्हणाली, "गिरजेले सांग, उद्यापासून मूठभर तांदूळ जास्त टाक म्हणा."

टोपली तिनं झिंगूच्या बायकोला दिली. झोपडीवरची कवेलू मी माझ्या गोठ्यावर चढवली. गिरजा तिला कधी उणं बोलली नाही. पण बाई जेवताना भात दुसऱ्यांदा घेत नसे. सणालाही नाही.

पाटलाचा ओटा अजून आहे. उन्हाळ्यात बाया त्यावर मोहफुलं वाळत घालतात.

मनकर्णा एकोणसाठच्या आषाढात, मंगळवारी सकाळी, माझ्या घरी वारली.