बर्तिल्दाचा उघडा हात

मी पिवळा बेडूक बोलतोय. जरा लांब बसूनच ऐका. आमच्या सैखा नदीकाठी मला उघड्या हाताने कुणी उचलत नाही, पानात धरतात. माझ्या भाऊबंदांच्या पाठीवर बाणाचं टोक घासलं, की त्या बाणाने माकड धप्पकन खाली येतं.

अंड्यातून निघाल्यावर मला बापाने पाठीवर बसवून पाण्यापर्यंत नेलं. तिथून एवारिस्तो शिकाऱ्याने मला शेपटीसकट पोखरलेल्या भोपळ्यात घालून घरी आणलं. दर शिकारीला ओढ्यापर्यंत पायपीट कोण करणार? त्यापेक्षा घरचाच बेडूक वाढवू, असा त्याचा बेत.

घरची वाळवी आणि चिलटं खाऊन मी पिवळाधमक झालो. मग एवारिस्तोने मला पानात धरून बाण घासले आणि बाण फुंकायची नळी घेऊन तो मेव्हण्याबरोबर शिकारीला गेला. माकडाने बाण उपटला, खाजवलं आणि पुन्हा फळ खायला लागलं.

"दाजी," मेव्हणा लेओनिसिओ घरी येऊन खिदळला, "शिकार केलीत की माकडाला इंजेक्शन दिलंत?"

एवारिस्तोची बायको बर्तिल्दा टोपली विणत होती. "अहो, रानातलं खाल्ल्याशिवाय विष कुठून चढणार? हा नुसता रंगाचा धनी!" म्हणत तिने मला चक्क तळहातावर घेतलं. टोपल्या विणून तिची बोटं चिरलेली होती. मला जन्मात पहिल्यांदा माणसाचा हात लागला. फार आवडला.

तिनेच मला ओढ्यावर सोडलं. "जा बाबा, पोटभर खा."

खाल्लं. मुंग्या, भुंगेरे, पालापाचोळ्यातलं वळवळणारं सगळं. विष नेमकं कोणत्या किड्यातून येतं, याचं मला अजून कुतूहल आहे. ते आलंय हे मात्र कळलं. एका सापाने मला तोंडात धरलं आणि लगेच थुंकून टाकलं. बराच वेळ तो जबडा वासून पडून होता.

काल बर्तिल्दा पाण्याला आली. "अगं बाई, माझा पिवळू!" म्हणत तिने हात पुढे केला. उघडाच. बोटांवर ताज्या चिरा.

त्या हातावर चढावंसं मला किती वाटलं म्हणून सांगू! पण मी पाचोळ्यात उडी मारली. तिने पाला बाजूला केला, तर मी आणखी आत शिरलो.

"विसरला मेला!" ती म्हणाली आणि हिरमुसून घागर उचलून गेली.

ती परत येईल, मला ठाऊक आहे. तुमच्यापैकी कुणाला ती भेटली तर एवढं सांगा: तो विसरला नाही, म्हणूनच पळाला. आता येशील तेव्हा पान घेऊन ये.