फताडे पाय आणि ओला कोबा

तोंडात मावा असलेल्या माणसानं समोरच्याच्या तोंडाजवळ वाकून बोलू नये, असा नियम आमच्या शाळेत पाहिजे. मरकड सर वाकले आणि भिजलेल्या सुपारी-तंबाखूचा वास थेट माझ्या नाकात शिरला.

"मोनिका, हे पाय तुझेच."

व्हरांड्यावर कानिफनाथ गवंडीकाकांनी सकाळीच कोबा केला होता. मधल्या सुट्टीनंतर बघतात तर ओल्या सिमेंटवर अनवाणी पावलं. ऑफिसच्या दारापासून कडेपर्यंत गेलेली आणि परत आलेली. तळव्याला कमान नावालाही नाही, पाऊल भाकरीसारखं सपाट. असे फताडे पाय शाळेत माझेच, हे आरोग्य तपासणीपासून सगळ्यांना पाठ. त्यात चपलेचा नंबर आठ. तिसगावच्या बाजारात मी चप्पल मागितली की दुकानदार आधी बाबांच्या पायांकडं बघतो.

"शनिवारच्या स्पर्धेतून तुझं नाव काढलं," सर म्हणाले.

पाथर्डीला तालुक्याची तीन किलोमीटर चालण्याची स्पर्धा होती. दोन महिने मी रोज पहाटे रस्ता तुडवत होते. मागच्या वर्षीची मी असते तर रडले असते. यंदा म्हणाले, "सर, ठसे जुळवून बघा."

"मग ठेव तिथं पाय."

तिथं म्हणजे नळापाशी, जिथं पोषण आहाराची ताटं विसळतात. आंबलेला भात, आमटीचा तवंग, शेळीच्या लेंड्या आणि त्या सगळ्याचा झालेला चिखल. मी चप्पल काढली. बोटांच्या फटीत काहीतरी गार, मऊ शिरलं. काय ते मी बघितलं नाही. एक फेरी हळू मारली, एक जोरात.

"येडी हाय का काय ही," कानिफकाका म्हणाले.

"काका, बघा ना. हळू चालले तर ठसा सगळीकडं सारखा. जोरात चालले तर टाच खोल रुतली आणि अंगठ्याच्या मुळाशी खड्डा पडला. जोरात चाललं की मला तिथंच दुखतं, म्हणून माहितीये. तुमच्या कोब्यात आहे का तसा खड्डा?"

काका उकिडवे बसले, बोटानं चाचपलं. "न्हाई. ह्यो गडी लई निवांत चाललाय."

"हळू चालली अशेल मग," सर मावा सांभाळत म्हणाले.

"मधल्या सुट्टीत?" काका हसले. "कालच माझं घमेलं उडवलं हिनं. हळू चालती व्हय ही?"

कडेला दोन्ही पाय जोडून उभे राहिल्याचे ठसे होते. तिथं मात्र बोटांकडची बाजू खोल, म्हणजे माणूस पुढं वाकलेला. कशाला वाकला असेल, म्हणून मीही वाकले. खाली नव्या पांढऱ्या भिंतीवर तांबडी पिचकारी ओघळत होती, अजून ओली. मध्ये सुपारीचा चोथा चिकटलेला, त्यावर दोन माश्या.

"काका, इथं कुणीतरी थुंकायला आलं होतं."

सर ऑफिसात बूट-मोजे काढून बसतात, हे वासावरून सगळ्या शाळेला माहीत आहे. आत्ताही ते नुसत्या स्लिपरवर होते. सर बुटके, पाय माझ्याएवढेच आणि तसेच सपाट; आरोग्य तपासणी फक्त पोरांची झाली होती. काकांची नजर त्यांच्या टाचांवर गेली, मागून माझी, मग भोवती जमलेल्या सगळ्या वर्गाची. टाचांच्या काळ्या भेगांमध्ये सिमेंट वाळलं होतं.

"काय म्हणता, सर?" काकांनी विचारलं.

सरांचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी व्हरांड्याच्या कडेकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. थुंकायला जागाच नव्हती.

मग त्यांनी ते गिळलं. सगळं. गळ्याची गाठ वर गेली, खाली आली आणि डोळ्यांत पाणी आलं.

"शनिवारी सातला स्टँडवर ये," ते म्हणाले.

मी नाक दाबून हो म्हणाले.