दोन उन्हं

पुंडलिकने कोपरापर्यंत हात गव्हाणीत घातला आणि ओंजळभर भरडा बाहेर काढला. काल संध्याकाळी घातलेला, तसाच पडलेला. वर शिंपडलेलं गूळपाणी तेवढं चाटून म्हशींनी खालचा मका जसाच्या तसा ठेवला होता. त्याने ओंजळ नाकाशी नेली आणि झटकन तोंड फिरवलं. बुरशी, उंदरांचं मूत, आणि त्यावर गुळाचा आंबूस चिकटा. शी! आणि हे आपण स्वतःच्या हाताने आणलं.

"खा की गो," तो मोगरीला म्हणाला. गोठ्यातल्या अकरा म्हशींत मोगरी सगळ्यात दुधाळ, त्यातून सहा महिन्यांची गाभण. तिने फुर्रकन श्वास सोडला आणि मान दुसरीकडे वळवली.

रामवाडीत कुणी पेंडीची गोणी आणली, कुणाला सरकीचा संशय आला, की माणसं मूठ भरून पुंडलिककडे यायची. त्याने हुंगून मान हलवली तर माल घरात, नाहीतर परत. "माणसाला फसवाल, म्हशीला नाय," तो ऐटीत सांगायचा. "कुबट दाण्याला ती जीभसुद्धा लावत नाय. मी तिच्याकडूनच शिकलो." आणि हाच शहाणा चार दिवसांपूर्वी पेणच्या बाजारात गेला. व्यापारी म्हणाला, "मका पडलाय शेठ, उचला, असा भाव परत नाय." यानं भरड्याच्या वीस गोण्या उचलल्या. वरच्या दोन हुंगल्या, खालच्या अठरा नाही. भाव ऐकला आणि एवढं मोठं नाक बंद पडलं.

बरं, मका पडून याच्या पदरात काय पडलं? सकाळीच डेअरीचा मितेश दूध न्यायला आला होता. कॅनचं झाकण लावता लावता म्हणाला, "काका, आजपासून लिटरमागं दोन रुपये कमी. वरून निरोप हाय. मका स्वस्त झाला ना, तुमचा खर्च उतरला."

"मका महाग झालेला तेव्हा दोन रुपये वाढवलेलेस का रे?"

मितेश हसला. तो काय बोलणार, बिचारा पगारी माणूस. पण त्या हसण्याने पुंडलिकच्या डोक्यात तिडीक गेली होती ती अजून उतरली नव्हती. सगळे मेले एका माळेचे मणी. महाग झालं की आपलं मरण, स्वस्त झालं तरी आपलंच.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला तेव्हा तो गव्हाणीतला भरडा घमेल्यात खरवडत होता. टेम्पोतून त्याची धाकटी बहीण अनिता उतरली, आणि मागोमाग तिचा नवरा प्रविण. रोह्याजवळच्या वरश्याहून आले होते. मागे ताडपत्रीखाली गोण्या होत्या.

हे येणार हे त्याला ठाऊक होतं. त्यानेच बोलावलं होतं, गेल्या वर्षी, भाचीच्या हळदीत. तेव्हा मका किलोला चोवीस रुपयांवर गेला होता, कारखानेवाले उचलत होते, आणि जनावरांना घालायला मिळत नव्हता. पुंडलिक चार पाहुण्यांत बसून प्रविणला म्हणाला होता, "तुमच्याकडं कालव्याचं पाणी हाय. भात निघालं की वाल कसला लावता? मका लावा. जेवढा पिकेल तेवढा माझ्या गोठ्यात. भाव कितीपन होऊ दे, चोवीस माझा शब्द." प्रविण कचरत होता. पिढ्यान्‌पिढ्या भातामागून वाल घेतलेला माणूस तो. अनितानेच त्याला तयार केलं. "माझा दादा बोललाय ना? मग झालं." दोन एकरांतला वाल गेला आणि मका आला.

आज बाजारात मका सतरा होता.

"वहिनी कुठाय?" अनिताने विचारलं.

"हमरापूरला. गणपतींचं रंगकाम चाललंय ना. बस गो, चहा टाकतो."

"चहा मागनं. आधी माल बघ. ह्यांना रात्रभर झोप नाय."

प्रविण गोणीचं तोंड सोडून मूठ भरून समोर उभाच होता. चेहऱ्यावर शाळेतल्या पोरासारखं काहीतरी होतं. "बघा दादा. पयल्यांदाच केला. आपन भाताला दोन उन्हं दाखवली की कणगीत टाकतो. तुम्ही बोललेलात, मका तसा नाय, वरून वाळतो आनि आतून फसवतो. सात उन्हं दिली मी. रोज सांजच्याला झाकला, सकाळी पसरला. हिनं तर एकेक दाना चावून बघितलाय."

पुंडलिकने दाणे तळहातावर घेतले. खणखणीत वाजले. नाकाशी नेले. उन्हाचा वास होता, आणि थोडा गोडसर, दुधाळ, जसा चांगल्या मक्याला असतो तसा. इतका स्वच्छ मका त्याने दोन वर्षांत पाहिला नव्हता. त्याने दुसऱ्या गोणीत हात घातला, तिसऱ्यात, अगदी तळापर्यंत. एकही दाणा काळा नाही.

मनाशी त्याने ठरवलं होतं की सरळ सांगायचं. प्रविणराव, बाजार पडला, दुधाचा भाव कापला, मी वीस गोण्यांत फसलो, शब्द पाळायची ऐपत नाय माझी, मध्यावर तोड काढू. एवढं बोलायला काय लागतं? बहिणीसमोर मान खाली घालावी लागते, तेवढंच. तेवढंच त्याला जमेना.

त्याने पुन्हा एकदा हुंगलं, कपाळाला आठी घातली.

"कुबट येतोय," तो म्हणाला.

प्रविणचा हात तसाच राहिला. "कुबट?"

"किंचित. तुम्हाला नाय कळायचा. उन्हं कधी दिलीत? सोलायच्या आधी का नंतर?"

"आधी दोन दिली. मग सोलून पाच."

"तिथंच चुकलात. कणसाचा दांडा ओला असतो, दाना त्याचं पानी ओढतो. सातही उन्हं आधी द्यायला पायजे होती." कुठून सुचत होतं कोण जाणे. जिभेवर लोण्यासारखं येत होतं. त्याने मूठ जमिनीवर टाकून दिली, गोठ्याच्या उंबऱ्याशी, जणू हातात धरवत नाही.

प्रविण गोणीत वाकून हुंगू लागला. एकदा, दोनदा. मग हळूच म्हणाला, "व्हय. असंल. मला भाताची सवय. तुमचं नाक थोडंच खोटं बोलंल?"

पुंडलिकला कुणी थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं. पण एकदा घसरलेला माणूस मध्येच थांबत नाही.

"आता आणलायत तर परत कुठं नेता? टाका चौदानं. कोंबडीवाल्यांना घालीन बघून. नातं हाय म्हणून."

"उपकार झाले दादा," प्रविण म्हणाला, आणि खरंच हायसं वाटून त्याने पहिली गोणी पाठीवर घेतली.

उपकार! पुंडलिकला स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. त्याने अनिताकडे पाहिलं नाही. ती दाराच्या खांबाला टेकून उभी होती आणि खाली बघत होती.

खाली मोगरी होती. दावं लांबवून तिने मान उंबऱ्याबाहेर काढली होती आणि पुंडलिकने फेकलेले दाणे ती टिपत होती. खरखरीत जिभेने एकेक फटीतून काढून, डोळे अर्धे मिटून, कडाकडा चावत होती. शेजारच्या म्हशीने तोंड पुढे केलं तर तिला शिंगाने बाजूला सारलं.

अनिता याच गोठ्यात वाढली होती. ती वाकली. मोगरीच्या तोंडापुढचे उरलेले दाणे तिने हाताने गोळा केले, एकही न ठेवता, आणि पदराच्या टोकाला गाठ मारली.

"सर गो मोगरे," ती म्हणाली. "कुबट हाय तो. दादा बोलला ना."

पुंडलिकच्या कानाच्या पाळ्या तापल्या. प्रविण गोणी टेकवून परत येत होता.

"ती गोणी चढवा परत," अनिता त्याला म्हणाली.

"अगो, दादा घेतायत तर..."

"नको. म्हैस गाभन हाय. उद्या कायतरी झालं तर? भावाच्या गोठ्यात कुबट माल टाकून जायची नाय मी."

"मग करायचं काय ह्याचं?"

"बाजारात जाऊ. सतरा मिळतील, सोळा मिळतील. जे मिळंल ते."

तिने मान वर केली आणि पहिल्यांदाच भावाकडे सरळ पाहिलं. रागाने नाही. वाट पाहत होती. त्याने एवढंच म्हणायचं होतं, की थांब गो, माझं चुकलं. चार शब्द. प्रविण गोणी टेम्पोत चढवत होता, मग ताडपत्री ओढली, दोरी बांधली, एक गाठ, दुसरी गाठ. एवढा वेळ तिने दिला. पुंडलिक म्हणाला, "चहा तरी घ्या."

"नको दादा," ती म्हणाली. "तोंडाला चव नाय."

टेम्पो हायवेच्या दिशेने वळला. पुंडलिक आत गेला. घमेल्यातला भरडा फेकून गव्हाण पुन्हा भरायची तर त्याच अठरा गोण्यांतून भरायची होती. त्याने एक फोडली, भरडा ओतला, वर गूळपाणी मारलं आणि मोगरीला हाक मारली.

ती वळली नाही. मान उंबऱ्याबाहेर ताणून ती रिकामी जमीन चाटत होती.