ड्रॉवरमधलं लायसन

मी बदलापूरचा खटारा ट्रक धरला म्हणून जयदेवकाका माझ्याशी बोलत नाही. नाही तर नाही.

हेवीचं लायसन मिळून आठच दिवस झाले होते. काका मला अंबरनाथ एमआयडीसीत त्याच्या शेठकडे घेऊन गेला. गाडी नवीकोरी, लाइन वापी-सुरतची. मला काम पसंत होतं.

"ओरिजिनल लायसन इथं जमा कर," शेठ म्हणाला. "जवळ झेरॉक्स ठेव. काम सोडशील तेव्हा परत मिळेल."

माझं डोकंच सटकलं. "आणि तुम्ही परत दिलंच नाही तर? दुसरीकडे काय दाखवू?"

"सगळ्यांची इथंच असतात," म्हणत त्याने ड्रॉवर उघडला. रबर लावलेल्या गठ्ठ्यात सगळ्यात वर काकाचा फोटो होता, केस काळे असतानाचा. नऊ वर्षं एकाच शेठकडे टिकलो, असं हाच काका घरी छाती फुगवून सांगायचा.

"माझं राहू द्या," मी म्हणालो. "आधी त्याचं काढा."

शेठने काकाकडे नुसतं बघितलं. काकाने माझा दंड घट्ट धरला आणि हात जोडल्यासारखं वाकून म्हणाला, "माफ करा शेठ. पोरगा नवा आहे, अजून शिकायचाय."